मानसिंगअण्णांचा अखंड जप

सर्जापूर रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात दर रविवारी पाचशे माणसं मांडी घालून बसायची, आणि प्रत्येकाच्या मनगटात तांब्याचं जाड कडं असायचं. आधी सेवक ती कडी 'शुद्धी'साठी आत नेत आणि तासाभरानं परत आणत. मग स्पंदनस्वामी फुलांनी झाकलेल्या चौरंगाकडे बघत एकेकाचा आठवडा सांगत. "अक्का, मंगळवारी दुपारी दोन तास झोपलात." सगळं खरं निघे. लोक रडत, पाया पडत. मला शिसारी यायची.

मी शंभूराज, पीण्या इंडस्ट्रियल एरियात माझं लहानसं वर्कशॉप आहे. माझे थोरले भाऊ मानसिंगअण्णा तिथं पहिल्या रांगेत बसत. त्यांचा उजवा हात कंपवातानं थरथरतो. स्वामींनी त्याचाच चमत्कार केला.

"यांचा हात माळ ओढतोय. अखंड जप. कॉस्मिक फ्रीक्वेन्सी आहे ही. गोळ्या घेऊन देवाला गप्प करू नका."

अण्णांनी गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत ते दोनदा बाथरूममध्ये पडले. कपाळाला टाके पडले, तरी चेहऱ्यावर समाधान.

त्यांची मुलगी हर्षिता एचएसआर लेआउटमधल्या कंपनीत आहे. मनगटाच्या हालचालीवरून माणूस बसलाय की चालतोय हे ओळखणारे पट्टे ते बनवतात. तिनं वडिलांशी वाद घातला नाही.

"अप्पा, आठवडाभर कडं माझ्याकडे द्या. स्वामी अंतर्ज्ञानी आहेत, तर ते तुमच्या हातात नव्हतं हे त्यांना कळेलच."

"सरी, चालेल," अण्णा हसले. "लगेच कळेल बघ."

कडं आम्ही वर्कशॉपमधल्या पावडर चाळायच्या यंत्राला तारेनं बांधलं. अण्णांचा हात सेकंदाला पाचदा हलतो, हे हर्षितानं मोजलं होतं. यंत्राचा वेग मी तेवढाच लावला आणि ते रोज आठ तास चालवलं.

रविवारी कडं शुद्धी होऊन आलं. स्वामींनी चौरंगाकडे पाहिलं.

"मानसिंगजी, रोज आठ तास जप, तोही एका आसनावर. असा भक्त मी पाहिला नाही."

टाळ्या झाल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत.

हर्षिता पुढे गेली. तिनं यंत्राला बांधलेल्या कड्याचा व्हिडिओ दाखवला आणि सगळ्यांसमोर कडं उघडलं. आत बॅटरी आणि नखाएवढी चकती.

"ही हालचाल टिपते. शुद्धी म्हणजे चार्जिंग, तेव्हाच नोंदी कॉम्प्युटरवर उतरतात. त्याला बसणं, चालणं, झोपणं आणि माळ ओढणं शिकवलंय. आजार शिकवलेलाच नाही. मग थरथरणाऱ्या हाताला तो जप म्हणतो, चाळणीलाही."

तिनं चौरंगावरची फुलं बाजूला सारली. खाली स्क्रीन होता आणि त्यावर अण्णांचं नाव.

"यंत्रातही भक्ती असते, बाळ," स्वामी म्हणाले. मागच्या दहाबारा जणांनी खरंच हात जोडले.

परतताना रिक्षात अण्णा बराच वेळ हाताकडे बघत होते.

"म्हणजे तो जप नव्हता, शंभू?"

"नव्हता, अण्णा. आजार आहे. त्याला औषध आहे."

घरी हर्षितानं गोळी दिली. ती त्यांच्या बोटांतून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी ती त्यांच्या तोंडात घातली.

तुमच्या शरीरात काय चाललंय हे सांगणारा कुणी भेटला, तर त्याला एकच विचारा, तुला हे कसं कळलं? उत्तर देत नसेल तर उठा, घरी या आणि गोळी वेळेवर घ्या.