पाटीवरचं चित्र

नासीर पेंटरने पाटी ओट्याच्या भिंतीला टेकवली, दोन पावलं मागे गेला, एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सर, खाली चित्र काय काढू?"

पाटीवर आधी इंग्रजीत आणि मग मराठीत एकच नाव होतं. ऑर्वेंटा ट्रेडलिंक इंडिया प्रायव्हेट लिमिटेड. त्याखाली नोंदणीकृत कार्यालय म्हणून पत्ता माझ्या घराचा, देवपुरातल्या दोन खोल्यांचा.

"चित्र कशाला?" मी म्हणालो.

"कशाला म्हणजे? दाताचा डॉक्टर असला तर दात काढतो, गॅरेज असलं तर चाक. तुमची कंपनी बनवते काय?"

मी चष्मा काढून पुसला. "व्यापार करते."

"कशाचा?"

"सर्वसाधारण."

"सर्वसाधारणचं चित्र कसं काढतात, सर?" नासीर हसला. त्याच्या हसण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्याची मुलगी अर्शी गुरुवारी अशाच एका कंपनीच्या कागदांवर सही करणार होती, आणि तिचं नाव मी सुचवलं होतं.

हितेंद्र जानेवारीत आला होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात सदतीस वर्षं होतो. त्या काळात वाचनकक्ष बंद होईपर्यंत बसणारी जी चारसहा मुलं मला आठवतात, त्यांतला तो एक. आता त्याचं जळगावला ऑफिस आहे. परदेशातल्या लोकांच्या कंपन्या तो भारतात नोंदवून देतो. आल्या आल्या पाया पडला. मला असं कोणी पाया पडलं की हात कुठे ठेवावेत कळत नाही.

"सर, मालक सायप्रसचे आहेत," तो म्हणाला. "पण कंपनी इथे नोंदवायची तर निदान एक संचालक इथे राहणारा लागतो. वर्षातले एकशे ब्याऐंशी दिवस भारतात असलेला."

"हे तर तीनशे पासष्ट दिवस देवपुरात असतात," माझी बायको लिलाबाई आतून म्हणाली. "पांझरा नदीचा पूल ओलांडायचा तर दोन दिवस आधी ठरवतात."

आम्ही हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. मी कधी कुठे गेलो नाही. सायप्रस मला नकाशात दाखवता येतो, पण नाशिकच्या पलीकडचं फारसं पाहिलेलं नाही. ज्याची आयुष्यभर लाज वाटली तेच कुणाच्या तरी कामाला येत होतं.

कागद चौदा पानांचे होते. साध्या पुस्तकाची प्रस्तावनाही मी सोडत नाही. पण हितेंद्र समोर बसलेला, त्याच्या कपातला चहा संपलेला. त्याच्यादेखत एकेक पान वाचायला घेतलं तर आपण त्याच्यावर संशय घेतोय असं दिसेल, असं मला वाटलं. पेन्सिलीची फुली होती तिथे मी सही करत गेलो. मग मोबाइलपुढे पॅनकार्ड धरून माझं नाव सांगितलं आणि माझी डिजिटल सही तयार झाली. ती पेनड्राइव्हसारख्या एका वस्तूत असते; कंपनीचे कागद भरताना तीच लावतात. "माझ्याकडेच राहू द्या, सर. तुमच्याकडून हरवेल," हितेंद्र म्हणाला. तेही मला पटलं.

जाताना त्याने विचारलं, "दुसऱ्या एका कंपनीसाठी असाच कोणी विश्वासाचा माणूस आहे?" मी मोठ्या उत्साहाने अर्शीचं नाव दिलं. मुलगी बी.कॉम. झालेली, हुशार, एका शिकवणीच्या क्लासमध्ये फी गोळा करत बसते. मी कुणाचं तरी भलं करू शकतो, असं त्या दिवशी मला वाटत होतं.

नासीर पाटीपाशी बसून राहिला म्हणून मी हितेंद्रला फोन केला.

"काहीही काढायला सांगा, सर. पृथ्वीचा गोल काढा," तो म्हणाला. "पाटी लागली की शेजारी उभं राहून फोटो पाठवा. संचालक फोटोत दिसला पाहिजे."

नासीरला मी चित्राची जागा मोकळी ठेवून पाटी तशीच ठोकायला सांगितली. त्या रात्री नीट झोप लागली नाही आणि सकाळी मी जळगावची एसटी धरली. पूल ओलांडायचा आधी विचार केला नाही, हे लिलाबाईच्या लक्षात आलं.

हितेंद्रच्या ऑफिसात बाकावर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. धोतर, पांढरी टोपी, कानांच्या पाळ्यांवर पिठाचा पुसट थर. त्याने सरकून जागा दिली.

"मी तोताराम. शिंदखेडाले पिठनी गिरणी शे मनी. तुमनी कितवी?"

"कितवी काय?"

"कंपनी हो. मी तीन कंपनीस्ना डायरेक्टर शे." तो बोटांवर मोजत म्हणाला, "एक संगणकनी, एक औषधीसनी. तिसरी कसानी शे, माले ठाव नही." मग पिशवीतून त्याने एक लिफाफा काढला. "तुम्ही शिकेल दिसतस, भाऊ. हाऊ कागद बठ्ठा वाची दाखाडा. बारा दिन व्हयनात, हाई लोक म्हनतस, उद्या दखू."

ती सरकारी कंपनी निबंधकांची नोटीस होती. कंपनी दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही, तीन वर्षांची विवरणपत्रं दाखल नाहीत, संचालकांनी तीस दिवसांच्या आत खुलासा करावा. मी हळूहळू मराठीत सांगत गेलो. तोतारामने मध्ये एकदाच विचारलं, "खुलासा म्हनजे मी कराना?"

"हो. तुमचंच नाव आहे."

त्याने नोटिशीच्या पाकिटावरून अंगठा फिरवला. "मना साडूनी माले आना. तो सुटना, मी अडकनू. आते माले सांगतस, दुसरा माणूस आन, मंग तू सुटशी." साडूने याला आपल्या जागी बसवून स्वतःची सुटका करून घेतली होती. माझ्याकडे वळून त्याने आवाज खाली आणला. "तुमना वळखमा कोनी शे का, भाऊ? घर सोडीसन कोठेच न जानारा?"

तेवढ्यात मला आत बोलावलं.

हितेंद्र उठून उभा राहिला, खुर्ची ओढून दिली. मी वाटेत पाठ केलेलं वाक्य विसरलो आणि सरळ विचारलं, "आपली कंपनी काय करते?"

"उद्देशाचं कलम मुद्दाम रुंद ठेवलंय, सर. उद्या काहीही करता येईल."

"आज काय करते?"

"आज ती आहे. आत्ता तेवढंच पुरेसं आहे."

"बाहेर तोतारामभाऊ बसले आहेत."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "त्यांचं वेगळं आहे. त्यांना कागद सांभाळता येत नाहीत. तुमचं तसं होणार नाही."

"मला यातून बाहेर पडायचं आहे," मी त्याच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणालो.

तो रागावला नाही. रागावला असता तर सोपं झालं असतं. "जरूर, सर. फक्त तुमच्या जागी कोणी तरी हवं. आणि माणूस तर तुम्हीच दिलाय. अर्शीला दुसरीकडे घेण्याऐवजी तुमच्या जागी घेतो. गुरुवारी तिची सही, शुक्रवारी तुमचं नाव बाहेर."

मी लगेच नाही म्हणालो नाही. हे लिहून ठेवायला हवं. ती तरुण आहे, शिकलेली आहे, आपल्यापेक्षा नीट निभावेल, असा विचार मी केला. दारावरची काच धुरकट होती. तिच्यातून बाहेरची पांढरी टोपी दिसत होती.

"तिचं नाव काढा," मी म्हणालो. "दोन्हीकडून."

"आणि तुमचं?"

"राहू द्या. माफ करा." माफी कशाची मागितली, मला अजून कळलेलं नाही.

बाहेर पडताना तोतारामच्या नोटिशीचं उत्तर कच्चं लिहून देतो, असं त्याला सांगितलं आणि माझा पत्ता दिला. त्याने तो घडी घालून टोपीत ठेवला.

दिवेलागणीच्या सुमाराला अर्शी आली, मागून नासीर. ती ओट्यावरच उभी राहिली.

"सर, माझं नाव तुम्ही काढायला लावलं?"

"हो. त्यात धोका आहे, बेटा."

"मग नाव देताना नव्हता?"

मी तोतारामची गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली, पण तिचा राग तिथे नव्हताच.

"क्लास सोडते म्हणून सांगून आलीय ती," नासीर खालच्या आवाजात म्हणाला. "मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं, डायरेक्टर होणार म्हणून. आता हसतील."

"नाव देताना मला विचारलं नाही, काढताना पण नाही," अर्शी म्हणाली. "तुम्हाला वाटलं, ही भोळी आहे, दिसेल तिथे सही करेल. मी तर वाचून सही करणार होते, सर."

लिलाबाई पाणी घेऊन बाहेर आली होती. तिने तांब्या तसाच धरून ठेवला.

अर्शी पायऱ्या उतरली, मग फाटकापाशी थांबली. "आम्हाला कंपनी कायदा होता. राजीनामा कंपनीला द्यायचा असतो, हितेंद्र सरांना नाही. कंपनीला मिळाला की झाला. त्यांची परवानगी कशाला लागते?" आणि गेली. तिच्यामागून नासीरही गेला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या ग्रंथालयात जाऊन ते कलम वाचलं. तिचं बरोबर होतं. शेजारचंही वाक्य वाचलं. संचालक असतानाच्या काळात जे घडलं असेल, त्याची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते. हे पुस्तक नोकरीची शेवटची काही वर्षं माझ्याच कपाटात होतं. त्याची बांधणी उसवली तेव्हा मीच ती करून आणली होती.

घरी येऊन राजीनाम्याचं पत्र लिहिलं. एक प्रत निबंधकांसाठी, आणि मूळ पत्र कंपनीला, तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर. पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीतली बाई पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "काका, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच टाकलाय."

"बरोबर आहे."

"घरच्या घरी पत्र?" तिने मागच्या बाईकडे बघून भुवया उडवल्या. मला नेहमीसारखं कानकोंडं वाटलं, पण मी पावती मिळेपर्यंत तिथून हललो नाही.

शुक्रवारी पोस्टमन आला. त्याने सायकल लावली, पाटीवरचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं, तिच्याखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"सर, ही कंपनी इथेच ना? त्यांचं पाकीट आहे. कोण घेईल?"

"मी घेतो."

"कंपनीतर्फे सही करा मग."

मी त्याला थांबायला सांगितलं. पाकीट फोडलं आणि पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मीच लिहिलेलं होतं, तरी वाचलं. पोस्टमन घड्याळाकडे बघत होता. मी त्याच्यासमोर उभा राहून वाचत राहिलो, आणि मग सही केली.

तो गेल्यावर मी खुर्ची घेऊन पाटी उतरवायला चढलो. नासीरने खिळे पक्के ठोकले होते. दोन निघाले, दोन निघेनात. लिलाबाई खाली खुर्ची धरून उभी होती. "झालं ना आता? सुटलात ना?" तिने विचारलं.

माझी दुसरी सही, ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, अजून हितेंद्रच्या ड्रॉवरमध्ये होती. हे तिला माहीत नव्हतं.

"पक्कड दे," मी म्हणालो.