परटांच्या दगडाशी

सरस्वतीपुरमात राहणारे बिंदुमाधव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत. माशांबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त वास सोसत नसे. शहात्तर साली हुणसूरकडच्या एका मच्छीमार संघानं गावच्या तळ्याचा अहवाल मागितला. बिंदुमाधवांनी ठासून लिहिलं : तळं लहान, उथळ, तेव्हा एकरी मासा मोठ्या जलाशयाहून जास्त. पाण्यात क्षार भरपूर, चुना टाकण्याची गरज नाही. संघानं चुना टाकला नाही, पिल्लं तेवढी सोडली.

वर्षानं संघाचे सेक्रेटरी नागोजीराव डबा घेऊन फाटकाशी आले. डब्यात वर्षभर वाढलेला कटला मासा होता, वीतभरसुद्धा नव्हता. मासा आत येऊ नये म्हणून बिंदुमाधवांच्या पत्नी वेदवतीबाईंनी फाटक काही उघडलं नाही, त्यामुळे शास्त्रचर्चा फाटकावरूनच झाली. नागोजीरावांनी बोल लावला नाही. तळ्यावर एकवीस घरं जगतात, पुन्हा एकदा येऊन बघा, एवढंच म्हणाले.

रविवारी बिंदुमाधव टोपलीसारख्या होडीत जन्मात पहिल्यांदा बसले. मधोमध पाणी भरून तपासलं. क्षार जवळजवळ नाहीच. पुन्हा तपासलं. नाहीच. मग त्यांना आठवलं. गेल्या खेपेला जाळ्यांपासून दूर, वारा पाठीशी घेऊन, परीट सोड्यानं कपडे धुतात त्या दगडांपाशी त्यांनी बाटली बुडवली होती. अहवाल तळ्याचा नव्हताच. गावच्या धोतरांचा होता.

काठावर सगळा संघ बसलेला. होडी लागेपर्यंत बिंदुमाधवांनी तीन सबबी तयार केल्या : पाऊस, बाटली, प्रयोगशाळेतला अटेंडर. काठावर उतरल्यावर मात्र तिन्ही टाकून दिल्या.

"चूक माझी," ते म्हणाले. "पाणी मी परटांच्या दगडाशी भरलं. इकडे वास येत होता."

"ठाऊक आहे, सार," नागोजीराव म्हणाले. "नाकावर रुमाल होता ना? आम्हांला वाटलं, तपासायची रीतच ती. आमच्यात म्हणतात, होगली बिडी, झालं ते झालं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकरी किती चुना लागेल ते त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी विश्वासानं माना डोलावल्या, अगदी गेल्या वर्षीसारख्याच.

मग जेवण. त्यांच्यासाठी देवळातल्या आचाऱ्याकडून दहीभात आणवला होता, आणि पान मांडलं होतं थेट परटांच्या दगडावर.

"तिथं वास नाही, सार," नागोजीराव आदरानं म्हणाले.

बिंदुमाधवांनी पान उचललं, जाळ्यांमध्ये येऊन मांडी घातली. रुमाल खिशातच राहू दिला आणि पहिला घास घेतला. वास येत होताच; तेवढं त्यांनी नव्या अहवालात लिहिलं नाही.