जबड्याचा डॉक्टर

करडी गावात धान रोवण्याच्या दिवसांत सत्यभामाबाईंचा आवाज चार बांध्यांपलीकडे ऐकू जायचा. बायांची टोळी त्याच जमवत, कोणाच्या शेतात आधी उतरायचं ते त्याच ठरवत, आणि काम चुकवणारीला भर चिखलात उभं करून सुनावत. त्यांची सून गुंजन आंबागडची. लग्न होऊन आली तेव्हा ती या आवाजाला वचकूनच असायची.

पोळ्याच्या आधी एका संध्याकाळी तो आवाज बसला. गोठ्यात म्हशीला दावं बांधताना म्हशीनं माशी उडवायला मान झटकली आणि शिंगाचा बुंधा बाईंच्या हनुवटीवर आदळला. तोंडातून रक्त आलं, गाल टम्म सुजला. सासऱ्यांनी, धनीरामनी, हळदीचा लेप लावला. सकाळी घास चावायला गेल्या तर वरचे दात खालच्या दातांवर बसेनात. गुंजनचा नवरा मनिष म्हणाला, दाताचं आहे तर मोहाडीला ने.

मोहाडीत डॉ. घनश्यामचा दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर. बाहेर मोठा बोर्ड: दात, जबडा व तोंडाच्या सर्व रोगांचे तज्ज्ञ. त्यांनी दाताचा छोटा फोटो काढला, दोन दात हलतात म्हणाले आणि उपटले. दुखणं राहिलंच. पुन्हा गेल्यावर वर-खालचे दात जुळावेत म्हणून ते घासून दिले. तेव्हा गुंजननं भीत भीत विचारलं, म्हशीचं शिंग लागलंय, हाड तर मोडलं नसेल?

"हाड मोडलं असतं तर या इथवर चालत आल्या असत्या का?" डॉक्टर हसत म्हणाले. बाकावरचे पेशंटही हसले. बाईंनी मान खाली घातली. सासूला असं मान खाली घालताना गुंजननं पहिल्यांदाच पाहिलं.

दसऱ्यापर्यंत बाई पेजेवर आल्या. हनुवटी एका अंगाला सरकली. बोलायला गेलं की कळ मस्तकात जायची, म्हणून त्या हातानंच सांगू लागल्या, आणि घरातली माणसं त्यांच्यासमोर त्या बहिऱ्या असल्यासारखी बोलू लागली. गुंजनला याचाच जास्त राग यायचा.

तिनं स्वतःच बाईंना घेऊन फिरायला सुरुवात केली. तुमसरच्या हाडाच्या डॉक्टरनं हात लावायच्या आधीच सांगितलं, हातपाय आमच्याकडे, जबडा दातवाल्यांकडे. भंडाऱ्याच्या दातवाल्यानं सांगितलं, मार लागलाय ना, मग हाडवाल्याकडे जा. घरी परतल्यावर मनिष म्हणाला की आता धान कापणीला आलं, पुढचं नंतर पाहू. गुंजननं हातातली पिशवी खाली ठेवली.

"म्हशीले लागलं असतं तं त्याच दिवशी डॉक्टर गोठ्यात आणला असता तुमी," ती म्हणाली.

कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी सुनेकडे पाहिलं आणि जोरात मान डोलावली.

शेवटी भंडाऱ्यातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी निदान बोट तरी फिरवलं. जबड्याच्या कडेनं येता येता बोट एका ठिकाणी थांबलं आणि बाईंनी खुर्चीचा हात आवळला. ते म्हणाले, याचा डॉक्टर वेगळा असतो. आधी दातांचं शिक्षण, मग तोंड आणि जबड्याच्या ऑपरेशनचं. ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन. जीभ वळेपर्यंत गुंजननं त्यांच्याकडून ते नाव म्हणून घेतलं.

बसस्टँडवर बसून तिनं मोबाईलवर शोधलं, तर सगळ्या नागपूरच्या जाहिराती. सुंदर हसू, पांढरे दात, गालावर खळी. ती एकेकाला फोन लावून एकच विचारत होती, मोडलेला जबडा जोडता का? एका मुलीनं तिला खळीचीच माहिती द्यायला घेतली. गुंजननं मध्येच फोन तोडला. बऱ्याच फोननंतर एका ठिकाणी कळलं की आमच्या मॅडम दर बुधवारी भंडाऱ्यातच असतात. जिथं बसली होती तिथून तो दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. गुंजनला आनंद व्हायला हवा होता, पण डोकं तापलं. एवढ्या जवळ डॉक्टर, आणि एकाही शहाण्यानं सांगू नये?

बुधवारी मॅडमनी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला. बराच वेळ पाहिला, मग खुर्ची बाईंच्या जवळ ओढून त्यांच्याशीच बोलल्या.

"आई, हाड त्याच दिवशी मोडलं होतं. आता वाकडं जुळलंय. पुन्हा मोडून सरळ बसवावं लागेल."

"आणि ते दोन दात?" गुंजननं विचारलं.

"मी काढले नसते," मॅडम म्हणाल्या.

गुंजनला वाटलं बाई रडतील. बाईंनी टेबलावर तळहात असा आपटला की पेनं खाली पडली.

ऑपरेशन नागपूरला झालं. हाडाला धातूची पट्टी बसवली, वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले. घरी आल्यावर थोडी ताकद येताच मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी बाई चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. कुठं जायचं ते कोणाला विचारावं लागलं नाही. मनिष म्हणाला, झालं ते झालं. तोवर बाई रस्त्याला लागल्या होत्या. गुंजन मागं धावली.

घनश्यामचा दवाखाना भरलेला होता. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. आत येणाऱ्या प्रत्येकापुढं त्या दोन्ही हातांनी ओठ फाकवायच्या. तारा चमकायच्या. माणूस दचकून विचारायचा, हे काय झालं? मग गुंजन शांतपणे सगळं सांगायची. एकेक जण उठू लागला. शेवटी डॉक्टर बाहेर आले, आत या, बसून बोलू म्हणाले. बाई हलल्या नाहीत.

"चूक कोणाकडूनही होते, ताई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"चुकीसाठी नाही आलो आमी," गुंजन म्हणाली. "मले समजत नाही, दुसऱ्याकडं जा, एवढंच म्हणायचं होतं तुमाले. ते नाही म्हटलं. वरून हसले. माही सासू तुमच्या दारात मान खाली घालून बसली होती."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथं एकही दात निघाला नाही.

आठवडाभरानं गावातले गोमाजी मिटवामिटवीला आले. डॉक्टर भला माणूस आहे, तक्रार करू नका, असं ते सांगत होते. धनीरामनी चहा करायला लावला. बाई उठल्या, गोमाजींच्या हातातला कप काढून घेतला आणि चहा अंगणात ओतला. दुसऱ्या दिवशी गुंजननं तक्रार टाकली. त्या तक्रारीचं अजून काही झालेलं नाही.

तारा निघाल्या. हनुवटी बरीच सरळ आली, बाई बोलू लागल्या, बायांवर ओरडूही लागल्या. पण खालच्या ओठाची नस मेली ती मेलीच. जेवताना भाताचं शीत ओठाला चिकटून राहतं आणि त्यांना कळत नाही. गुंजन बोटानं खूण करते, बाई पदरानं ओठ पुसतात. दर वेळी गुंजनला डॉक्टरांचं ते हसणं आठवतं, आणि तिला कोणाशीच बोलावंसं वाटत नाही.