काचेवरचा निळा स्टिकर

सकाळी सहाला रंजीतानं सफारीची जिप्सी वाघांच्या जंगलाच्या बफर गेटवर लावली. मागं नागपूरचे सहा पाहुणे. त्या आठवड्यात कागदपत्रांची तपासणी चालू होती. गेटवरचा नथ्थू काचेपाशी आला आणि थांबला.

"बाई, स्टिकर कुठी हाय?"

काचेच्या डाव्या कोपऱ्यात पेट्रोल गाडीचा निळा स्टिकर असायचा, गाडीचा नंबर छापलेला. कायद्यानं तो लागतोच. आता तिथं नुसता डिंक होता, ब्लेडच्या रेघा उमटलेला.

"काल होता, भाऊ. सगळे कागद हाएत माह्यापाशी."

"मले माहीत हाय. पण साहेब बसून हाएत." नथ्थूनं मान खाली घातली. "स्टिकरबिगर गाडी आणली की चालकाचं नाव यादीतून महिनाभर कटते."

पाहुणे दुसऱ्या गाडीत चढले. त्यातल्या एकीनं जाता जाता तिचा फोटो काढला.

नवरा प्रणित वारल्यावर रंजीता भद्रावतीला जाऊन गाडी शिकली होती. गेटच्या यादीत चालक म्हणून तिचं नाव लागलं, त्या दिवसापासून दीर अजय तिच्याशी धड बोलत नव्हता. ती तडक घरी आली. तो आंगणात दात घासत होता.

"तूच काढला ना स्टिकर? लाज नाई वाटत?"

अजय तोंडातला फेस गिळून बघतच राहिला.

"त्याच्यावर काऊन ओरडून राह्यली?" सासू दारात आली. रुखमाबाई. रोज पहाटे उठून रंजीताचा डबा बांधणारी. आजही तिनंच बांधला होता. "मीनं काढला. गरम पाणी टाकून, ब्लेडनं."

रंजीताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आत्याबाई, कायले?"

"अजय घरी बसून राहाते अन् सून गाडी फिरवते. लोक मले इचारतात." म्हातारीनं हात पुढं केला. "चाबी दे. नवा स्टिकर अजय आणन. यादीत त्याचं नाव टाकू."

"नाई देत."

"नको देऊ. गाडी माह्या लेकाची होती, घर माहं हाय. जायचं तर जा माहेरी." आवाज जराही चढला नाही. "उर्वशी इथीच राहीन."

रंजीताची सहा वर्षांची मुलगी उर्वशी आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. रंजीतानं तिला हाक मारली. पोर आजीकडं बघू लागली, जाऊ का म्हणून.

रंजीतानं चाबी बाजेवर ठेवली.

महिन्याभरात अजयचं नाव लागलं. पहाटे जिप्सी धुवायचं काम मात्र रंजीताकडंच राहिलं. एके दिवशी तो जेवायला बसला असताना गाडीवर ऊन आलं, म्हणून सावलीत घ्यायला ती सीटवर चढली. अजयनं सीट मागं सरकवलेली. तिचा पाय क्लचला पोचेना. ती पुढं सरकून पाय ताणत होती.

"उतर," रुखमाबाई दारातून म्हणाली.

ती उतरली.