उजेडबाबांचं पांढरं फूल

पडद्यावरचं मळकट फूल बघता बघता पांढरंशुभ्र झालं आणि खच्चून भरलेल्या हॉलभर "अहाहा!" उमटलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने रडत रडत आपल्या गोळ्यांची पाकिटं टोपलीत टाकली. टोपली औषधांनी शिगोशीग भरली होती.

"यंत्र खोटं बोलत नाही, मंडळी!" उजेडबाबा स्टँडवरच्या मोबाइलकडे बोट करून गरजले. "यंत्राला ना भाऊ, ना भावकी! पांढरं फूल रात्रभर उशाशी ठेवलं की देहातला काळोख त्यात उतरतो. पांढऱ्या कपड्यावर यंत्र तो पकडतं. मग मी मंत्र फुंकतो आणि काळा कपडा तो काळोख पिऊन टाकतो. फूल उजळलं की रोग पळाला! मग सुया-गोळ्यांचं कामच काय?"

धाकटी गर्दी रेटत आत घुसली. सकाळीच थोरल्या बहिणीचा फोन आला होता. "चिमणीला उलट्या होताहेत, पण घाबरू नकोस, रोग बाहेर पडतोय. उजेडबाबांकडे आणलंय तिला, इन्सुलिन बंद केलंय मी." ते ऐकून धाकटीने तशीच गाडी काढली. भाचीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. त्या सुईवरच पोर जगत होती.

थोरली भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर चिमणी. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि धापा टाकल्यासारखा, तोंडाला सडक्या फळासारखा वास. डॉक्टरांनी वाटेत फोनवर बजावलं होतं : असा वास, असा श्वास दिसला तर क्षणभरही थांबू नका.

"ऊठ ताई, खाली गाडी उभी आहे. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

"आता आमचाच नंबर आहे गं." थोरलीने लेकीला आवळून धरलं. "एकदा फूल उजळू दे."

"पोर हातची जाईल!"

"रोज टोचते मी तिला. झोपेतसुद्धा हात मागे घेते ती. माझ्यापासून! मला आई व्हायचंय गं, सुईवाली नाही."

धाकटीने चिमणीला उचलायला हात घातला, तर दोन सेवेकरी आडवे आले. तिची नजर मंचावरच्या दोन कपड्यांवर गेली. रोपवाटिकांच्या माहितीपुस्तकांसाठी फुलांचे जवळून फोटो काढणं हेच तिचं पोट. पांढऱ्यावरचं पांढरं फूल काळपट येणं ही तर तिची रोजची डोकेदुखी! ती तडक मंचावर चढली.

"बाई, रांगेतून या," बाबा म्हणाले.

तिने त्यांच्या सदऱ्यावर खोवलेलं पांढरं फूल ओढलं, पांढऱ्या कपड्यावर ठेवलं आणि मोबाइलचं बटण दाबलं. पडद्यावर फूल राखेच्या रंगाचं आलं.

"अरेरे! बाबा, तुम्हालाही रोग? आणि इतका वाढलेला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अपवित्र हात लागला! धरा हिला!"

तोवर तिने फूल काळ्या कपड्यावर टाकून पुन्हा बटण दाबलं होतं. फूल झगमगलं.

"घ्या, झालात बरे. मंत्रसुद्धा लागला नाही."

मग ती बहिणीकडे वळली. आवाज फाटला होता. "ताई, कॅमेऱ्याला फूल कळत नाही, फक्त उजेड कळतो. सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो फोटो अंधारा करतो. भोवती काळं दिसलं की उजेड वाढवतो. मी रोज तो हाताने सुधारते. बघ!" तिने फूल परत पांढऱ्यावर ठेवलं आणि उजेड वाढवायला मोबाइलच्या काचेवरून बोट सरकवलं. आता तेच फूल पडद्यावर पांढरंशुभ्र आलं. "कुठे गेला रोग? माझ्या बोटात?"

तिला धरायला धावलेले सेवेकरीसुद्धा पडद्याकडे बघत जागीच थांबले.

"म्हणजे सुया... जन्मभर?" थोरली पुटपुटली.

"हो, जन्मभर. पण आधी जन्म तर राहू दे!"

थोरली उठली. लेकीला खांद्यावर टाकून धावत सुटली. मागून शिव्या येत होत्या. म्हातारा मात्र टोपलीत हात घालून आपली पाकिटं शोधत होता.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." आणि ते सलाइन लावायला वळले. ती रात्र दोघींनी अतिदक्षता विभागाच्या काचेला कपाळ टेकून काढली. पहाटे चिमणीने डोळे उघडले. मग सुईची वेळ झाली आणि तिने हात मागे घेतला. थोरली ढसाढसा रडली, पण रडत रडतच तिने सुई टोचली.

बाबांचा दरबार बंद पडला नाही. गर्दी थोडी ओसरली, इतकंच. थोरली आता फाटकापाशी उभी राहते. कुणी ढकलतं, कुणी शाप देतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारते, "औषध बंद केलंय का?"

एकदा तान्हं बाळ खांद्यावर घेतलेला एक बाप थबकला. "हो, केलंय. आधी डॉक्टरांना विचारून बघू म्हणता?"

"विचारा. बाबांनाही विचारा. चमत्कार पुन्हा दाखवा म्हणा, स्वतःच्या हाताने करून बघा. आणि ज्याला प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हाती पोर देऊ नका."