यादीतले मशीन

सगळा घोटाळा आंटी डोकुआच्या जिभेने केला.

सॉल्टपाँड गावात मुलीला मागणी घालायला आलेली माणसे स्वतः तोंड उघडत नाहीत. दोन्हीकडून बोलायला एकेक बाई आणतात. त्या दोघींनी भांडायचे, टोमणे मारायचे, आपल्या मालाची तारीफ करायची आणि बाकीच्यांनी खुर्च्यांवर बसून हसायचे. आंटी डोकुआ या कामात इतकी तरबेज होती की तिला बोलावण्यासाठी लोक लग्नाच्या तारखा पुढे ढकलत.

नवरी मुलगी अराबा, तिच्या मामांनी मुलाकडच्यांना दिलेल्या यादीत बायबल होते, अंगठी होती, सहा कापडे होती, पत्र्याची ट्रंक होती आणि अगदी शेवटी पायाने चालवायचे शिलाई मशीन होते. मुलाकडची बाई नेमकी तिथे अडली.

"बाकी सगळं आणलंय. पण मशीन कशाला हो? मुलगी शाळेत भूगोल शिकवते म्हणे. नकाशांना बाह्या लावणार आहे का?"

मांडवभर हशा पिकला. डोकुआ कापड सावरत उठली.

"बाई गं, आमची अराबा डोळे मिटून शिवते! तिने शिवलेलं अंगात घातलं की म्हातारीची तरुणी होते. तिच्या हातात सुई द्या आणि चार पावलं मागे सरका, नाहीतर तुम्हालाही कशाला तरी जोडून टाकील!"

आणखी हशा. मशीन मान्य झाले. आतल्या खोलीत नटून बसलेल्या अराबाने हे सगळे ऐकले. आजवर तिने आयुष्यात एकच बटण लावले होते, तेही शर्टाच्या आतल्या बाजूने. पण लग्नातले बोलणे कोण मनावर घेतो, असे तिला वाटले. तिच्या आईलाही वाटले. मशीन नव्या घरी आले, त्याच्यावर जाळीचा रुमाल पडला, रुमालावर प्लास्टिकची फुले बसली आणि विषय संपला.

दोन महिन्यांनी सासूबाई आल्या, त्या सहा वार कापड घेऊन.

सासूबाईंची, म्हणजे एसी मान्साची, पावाची भट्टी होती. गावातल्या निम्म्या घरांची सकाळ तिच्या पावाने होत असे. बोलणे मोजके, नजर मात्र भट्टीतला पाव न उघडता कळणारी. तिने कापड टेबलावर ठेवले. निळ्या कापडावर पिवळ्या कोंबड्या होत्या, रांगेने उभ्या.

"तीन आठवड्यांनी आमच्या महिला मंडळाचा आभाराचा रविवार आहे," ती म्हणाली. "मला झंपर आणि खालचा घागरा शिवून दे. माप घे."

"मी?" अराबा म्हणाली.

"मग कोण? डोळे मिटून शिवतेस ना? हवं तर उघडे ठेव. मंडळात मी सांगून बसलेय की या वर्षी माझी सून शिवणार."

अराबाने माप घेतले. टेपची सेंटिमीटरची बाजू वर धरली होती, त्यामुळे सासूबाईंची कंबर पहिल्यांदा एकशे बारा इंच भरली. जाताना सासूबाई दारात थांबून म्हणाल्या, "मंडळातल्या बायकांचे डोळे फार तीक्ष्ण आहेत, बरं का."

नवरा फिफी हे सगळे वर्तमानपत्राआडून ऐकत होता.

"सांगून टाक ना, येत नाही म्हणून."

"काय सांगू? की माझ्या मामांनी तुमच्याकडून थाप मारून मशीन उकळलं? जन्मभर ऐकावं लागेल. तुझ्या बहिणीचं लग्न ठरलं की यादी करतानाही माझं नाव निघेल."

"ते खरं," फिफी म्हणाला, आणि परत वर्तमानपत्राआड गेला.

अराबा तरातरा डोकुआकडे गेली. डोकुआ अंगणात मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या केंकीची पाने सोडत होती. तळलेला मासा आणि मिरचीची चटणी समोर मांडलेली होती.

"आंटी, तुम्ही बोललात, आता तुम्हीच शिकवा."

"मुली, मी तुझी वकील होते. वकिलाने चोरी शिकवायची असते का?" डोकुआने मासा मोडला. "आणि तक्रार कसली? मागच्या महिन्यात एका मुलीला फ्रेंच येतं असं मी मागणीत ठोकून दिलं. ती बिचारी आता लोमेच्या फ्रेंच बोलणाऱ्या पाहुण्यांना बघून संडासात लपते. तुझं सोपं आहे. हात धू, बस, खा. मग मॅडम ग्लोरियाकडे जाऊ."

मॅडम ग्लोरियाचे दुकान बाजाराच्या तोंडाशी होते. दुकानावर मोठी पाटी होती: "देवाची वेळ अचूक असते". आपला कपडा तयार आहे का विचारायला आलेल्या गिऱ्हाइकांना मॅडम बोटाने ती पाटी दाखवत असे. आत बाकावर तिच्या सहा शिकाऊ मुली एकसारख्या जांभळ्या झग्यांत बसलेल्या असत.

ग्लोरियाने सगळे ऐकून घेतले, कापड चिमटीत धरून पाहिले आणि आवाज खाली आणला.

"ठेवून जा. चार दिवसांत देते. कोणाला कळणार नाही. अशा सुना माझ्याकडे बऱ्याच आहेत. नावं सांगितली तर चर्च रिकामं होईल."

किती सोपे होते! अराबाने कापड पुढे केलेसुद्धा. पण तिला आदल्या दिवशीचा वर्ग आठवला. एका मुलीने व्होल्टा नदीचा नकाशा भावाकडून काढून आणला होता. तो इतका सुंदर होता की अराबाने तिला तासभर उभे केले होते. 'तुझा वाकडा चालला असता,' असेही ऐकवले होते. त्या मुलीचा खाली गेलेला चेहरा आता तिच्या डोळ्यांसमोर आला आणि कापड धरलेला हात आपोआप मागे आला.

"नको मॅडम. मला शिकवा."

"तीन आठवड्यांत?" ग्लोरियाने बाकाकडे हात केला. "ह्या तीन वर्षं शिकतात."

"आणि तरी येत नाही," बाकावरून एकजण म्हणाली.

"तू गप्प बस. काज कर."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अराबा त्या बाकावर, टोकाला जाऊन बसली. पहिला आठवडा दोराच मिळाला नाही. ग्लोरियाने तिला वहीचा रेघांचा कागद दिला आणि मशीनच्या रिकाम्या सुईने रेघेवरून भोके पाडायला सांगितले. भूगोलाच्या बाईला यात काय अवघड? अराबाने पायडलवर पाय दाबला. चाक उलटे फिरले आणि कागद तिच्या अंगावर आला. पुन्हा दाबला. आता चाक सुलटे फिरले, पण असे सुसाट की रेघ एकीकडे राहिली, सुई कागदाच्या पलीकडे गेली आणि अराबा किंचाळली.

"टीचर, पळू नका," मुली म्हणाल्या. "तुमच्यामागे कोणी लागलेलं नाही."

"पाय सांभाळ, पाय!" ग्लोरिया म्हणाली. "पीठ तुडवल्यासारखं काय करतेस? मूल झोपवताना पाळणा कसा हलवतात?"

"मला मूल नाही मॅडम."

"ह्या चालीने शिवत राहिलीस तर नवरा घाबरून जवळ यायचा नाही. हळू!"

कागदावरची भोके ग्लोरियाने उजेडाला धरली. मुली ओठ चावत बघत होत्या. अराबाने स्वतःच कबुली दिली, "व्होल्टा नदी आहे."

"धरणासकट," ग्लोरिया म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात दोरा आला आणि हाल वाढले. खालच्या दोऱ्याची बॉबिन उलटी बसली, खाली दोऱ्याचे घरटे झाले. सुईखालचा, कापड दाबून धरणारा पाय खाली करायला ती विसरली, तेव्हा कापड नाचू लागले. एकदा तिने चिंधीबरोबर स्वतःच्या झग्याचे टोक शिवले आणि घरी जायला उठली तर मशीन बरोबर निघाले. डोकुआ गंमत बघायला आली होती. ती म्हणाली, "बघा, मी सांगितलं नव्हतं? कशाला तरी जोडून टाकील!"

पण एका संध्याकाळी, कशी कोण जाणे, पायाला लय सापडली. चाकाचा आवाज एकसारखा झाला आणि सुईखालून सरळ, बारीक, गोजिरी शिवण निघत राहिली. वीतभरच असेल. अराबाने ती फिफीला दाखवायला घरी नेली. फिफीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "याचं काय होतं?" अराबाने त्याला त्या रात्री पामतेलाची भाजी न देता नुसता उकडलेला कंद वाढला.

तिसऱ्या आठवड्यात ग्लोरियाने खडूने कापडावर झंपराचा पुढचा आणि मागचा भाग आखून दिला. बाहीसाठी तिने कागदाचा एक नमुना कापून दिला. "हा ठेवायचा, कापायचा. परत ठेवायचा, कापायचा. आणि कोंबड्यांची डोकी वर राहू देत, नाहीतर तुझ्या सासूच्या दंडावर त्या कढईत चालल्यासारख्या दिसतील."

अराबाने कोंबड्यांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष दिले. नमुना ठेवला, कापला. परत तसाच ठेवला, कापला. एकही कोंबडी उलटी झाली नाही. दुसऱ्या वेळी नमुना पालथा घालायचा असतो, हे ग्लोरियाने सांगितले नव्हते. तिच्या लेखी ते सांगायचेच नव्हते. हात दोन असतात हे कोणी कोणाला सांगते का?

उरलेले सगळे अराबाने स्वतःच्या घरी, स्वतःच्या मशीनवर शिवले. मशीनवरची प्लास्टिकची फुले फिफीच्या उशाशी ठेवली. शनिवारी दुपारी कपडा इस्त्री करून सासूबाईंकडे पोचवला. नेऊन देताना तिला शाळेचा निकाल लागायच्या दिवसासारखे झाले होते.

रविवारी सकाळी सात वाजता निरोप आला: ताबडतोब ये, सुई घेऊन ये.

सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. पाठीची चेन मधोमध फाटून उघडी पडली होती. पण अराबाचे लक्ष तिकडे गेलेच नाही. ती उजव्या हाताकडे बघत होती. डावा हात शहाण्यासारखा बाजूला होता. उजवा मात्र, कोणी मागून ओढून धरावा तसा, पाठीकडे वळला होता. अराबाला एका क्षणात सगळे कळले. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

"आई... तुम्ही दुसरं काहीतरी घाला."

"मंडळात सांगून बसलेय," एसी मान्सा म्हणाली. "पाठ शिव."

"अंगावर?"

"चर्चची पहिली घंटा झाली. शिव."

अराबाने सासूला झंपरात शिवून टाकले.

चर्चमध्ये ती दोन रांगा मागे बसली. प्रवचनात काय होते ते तिला नंतर सांगता आले नसते. तिचे सगळे चित्त दानाच्या थाळीकडे लागले होते. थाळी वेदीसमोर मांडली होती. मंडळाच्या बायका एकेक करून नाचत, रुमाल हलवत जाणार आणि हातातले त्यात टाकणार. उजव्या हाताने. डाव्या हाताने सॉल्टपाँडमध्ये कोणी भिकाऱ्याला केळेही देत नाही, मग देवाला? आणि सासूबाईंचा उजवा हात तर पाठीमागे गेलेला!

ढोल सुरू झाले. एसी मान्सा उठली. डाव्या हातात पांढरा रुमाल, उजव्या मुठीत दान. ती नाचत थाळीपर्यंत गेली. उजवा हात पुढे आणायचा तिने एकदा यत्न केला. काखेत कुठेतरी 'टर्र' झाले. अराबाने डोळे मिटले. शिवताना कधी मिटले नव्हते, ते आता मिटले.

उघडले तेव्हा एसी मान्सा वळली होती. थाळीकडे पाठ, तोंड सगळ्या चर्चकडे, गुडघ्यांत वाकून, खांदे घुसळत, ती एकेक पाऊल मागे मागे नाचत गेली आणि त्या मागे वळलेल्या उजव्या हाताने, न बघता, दान बरोबर थाळीत टाकले.

क्षणभर ढोलवालाही चुकला. मग असा जल्लोष झाला की पाद्रीबाबांना चष्मा काढून पुसावा लागला.

बाहेर बायकांनी एसी मान्साला गराडा घातला. एकजण झंपर निरखत म्हणाली, "हे कोणी शिवलं गं?"

"सुनेने."

"बाही जरा..."

"जरा काय? नाचायची बाही आहे. आणि ती बाहेरची कामं घेत नाही, आधीच सांगते."

दोघी घरी आल्या. दार लावून एसी मान्साने पाठ केली. "काढ मला यातून."

अराबाने ब्लेडने टाके उसवायला घेतले. तिचे डोळे भरून आले. "आई, मला शिवता येत नव्हतं. मागणीच्या दिवशी डोकुआ आंटींनी थाप मारली."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"ती बोलली तेव्हापासून. त्या बायका दुसरं काय करतात?" एसी मान्साने खांदा मोकळा करून सुस्कारा सोडला. "माझ्या लग्नात आमच्या बाईने सांगितलं, मुलीच्या हातचा पाव खायला थेट विन्नेबाहून लोक येतात. मी तोवर पाव फक्त खाल्ला होता. माझा पहिला पाव तुझ्या सासऱ्यांनी दाराला अडसर म्हणून लावला. पावसाळाभर टिकला."

अराबा रडता रडता हसली. "मग मला कापड कशाला दिलंत?"

"ग्लोरियाकडून शिवून आणतेस का, ते बघायला. आणलं असतंस तर मी छान म्हटलं असतं, तू मान हलवली असतीस आणि पुढची तीस वर्षं दोघी तेच करत बसलो असतो." तिने उजवी बाही काढून उजेडाला धरली. "ही मात्र तुझीच. इतकं वाकडं पैसे देऊन मिळत नाही."

अराबा उरलेले टाके उसवू लागली. मग एसी मान्साने विचारले, "आमच्या बाजूने बोलणाऱ्या बाईने सांगितलं होतं की फिफी पहाटे उठून प्रार्थना करतो. करतो का?"

"साडेसातच्या आत डोळा उघडत नाही."

"मग फिटलं. मशीनचं काय करू, परत मागू?"

"नको आई," अराबा म्हणाली. तिने जमिनीवर पडलेली बाही उचलली आणि कोंबड्या नीट झटकल्या. "उजवी बाही शिवायची अजून राहिलीय."