एकच मसुदा

आमच्या खात्यात माझं पद आहे समन्वयक. म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकमेकींशी बोलायचं नाही आणि मी सगळ्यांशी बोलायचं. शिव्या खाण्याचा मान अर्थातच माझा.

नव्या शेती धोरणात जैवविविधतेचं प्रकरण घालायचं होतं. गोष्ट साधी होती. शेतांच्या कडेनं झाडाझुडपांचा पट्टा राखायचा, तिथं फवारणी करायची नाही, म्हणजे मधमाश्या-पाखरं टिकतील आणि पीकही. मदतीला तीन संस्था. तिघींनी आपापला तज्ज्ञ नेमला आणि त्याच प्रकरणाचे तीन वेगळे मसुदे कृषी सचिवांकडे परस्पर धाडले! "तीन तिघाडा, काम बिघाडा," नवरा चहाचा घोट घेत म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसले.

ऑफिसात पोचते तोच सचिवांचा फोन. "बाई, आधी तुमचं आपसात ठरवा. संध्याकाळपर्यंत एकच मसुदा आला तर ठीक, नाहीतर धोरण त्या प्रकरणाशिवाय मंत्रिमंडळापुढे जाईल."

एकदा गेलं की पुढची कितीतरी वर्षं ते कुणी उघडणार नव्हतं. मग कुठले पट्टे आणि कुठल्या मधमाश्या!

सभागृह अर्थखात्यानं बळकावलेलं. जुन्या फायलींच्या खोलीत खुर्च्या कोंबून मी तिघा तज्ज्ञांना बसवलं. एक फोटोवाले, ज्यांना बैठकीपेक्षा बैठकीचा फोटो प्यारा. दुसरे मंजुरीवाले, ज्यांना शिंकायलाही मुख्यालयाची परवानगी लागते. आणि तिसरी उंच बाई. तिनं वर्षभर माझं डोकं खाल्लं होतं. तिच्या मसुद्यातला एक शब्द हलवला तरी भांडायला हजर. मी कंबर कसूनच बसले.

फोटोवाले आपल्या संस्थेच्या बोधचिन्हाच्या जागेवरून सुरू झाले. उंच बाईनं त्यांना हातानं थांबवलं.

"मॅडम, खरं सांगा, सचिव कुठला मसुदा मान्य करतील?"

"ह्यांचा," मी मंजुरीवाल्यांकडे बोट दाखवलं. "कृषी खात्याच्या माणसांना सोबत घेऊन लिहिलाय. तुमचा उत्तम आहे हो, पण त्यांना तो परका वाटतो."

तिनं समोरचा आपला मसुदा मिटला. "मग माझा मागे घेतला. चला, ह्यांच्यात काय राहिलंय ते बघू."

फोटोवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नाइलाजानं का होईना, त्यांनीही माघार घेतली. मंजुरीवाल्यांनी तर कुणालाही न विचारता मान डोलावली. पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई द्यायचं कलम उंच बाईचं होतं. तिनं ते दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या मसुद्यात बसवून दिलं. उजेड होता तोवर मसुदा रवाना झाला.

जिना उतरताना मी विचारलं, "तुमचे साहेब रागावणार नाहीत ना?"

"रागावतील की. मला त्या मसुद्यासाठीच नेमलं होतं. आता महिनाअखेर सामान बांधायचं."

"अहो, मग आत बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यासाठी भांडत बसला असता. वेळ होता का तेवढा?" आणि वर हसली.

मला रडूच कोसळलं. जिन्यातच तिचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही," एवढंच बोलता आलं.

धोरण मंजूर झालं, प्रकरणासकट. सचिवांचा पुन्हा फोन आला. "पहिल्या पानावर आभार छापतोय. तिन्ही संस्थांची नावं सारखीच ना?"

समन्वयकानं कुणाला झुकतं माप द्यायचं नसतं. इतकी वर्षं मी ते कसोशीनं पाळलं होतं.

"नाही," मी म्हणाले, "सगळ्यांच्या आधी एका बाईंचं नाव घ्या." आणि त्यांनी ते लिहून, वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवू दिला नाही.